ओझरची धावपट्टी आणि आभासी उड्डाण

लढाऊ विमानांच्या कारखान्याला लागून असलेली धावपट्टी आणि वायुदलाच्या तळावरची धावपट्टी दिसायला सारख्याच असल्या, तरी इतिहासाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जागा आहेत. तळावरून विमान मोहिमेवर जाते आणि परत येते; कारखान्याच्या धावपट्टीवर ते प्रथमच जमीन सोडते, त्यात काही खोट राहून गेली असेल तर ती तिथेच उघडी पडते, आणि चाचणीवैमानिकाने, म्हणजे नव्या विमानाची पारख करण्यासाठी नेमलेल्या वैमानिकाने, ते योग्य ठरवले की ते वायुदलाच्या हाती सोपवले जाते. अशा धावपट्टीचे नाव युद्धांच्या इतिहासात सहसा येत नाही, कारण तिच्यावर लढाई झालेली नसते. महाराष्ट्रात ही जागा म्हणजे नाशिक जिल्ह्यातील ओझर.

भारताने ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ या स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणाऱ्या, विमानाबाबत करार केला आणि त्यात परवान्याखाली देशातच उत्पादन करण्याची तरतूद होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी चीनशी युद्ध झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहू लागला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला दोन सरकारी कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड’ अस्तित्वात आली. कामाची वाटणी अशी की विमानाचा सांगाडा आणि अंतिम जुळणी ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. आरंभी सोव्हिएत संघातून आलेले तयार भाग जोडले जात. पुढे जोडणीऐवजी घडणीचा वाटा वाढत गेला आणि ऑक्टोबर १९७० मध्ये कच्च्या मालापासून इथेच घडवलेले पहिले मिग-२१ एफएल वायुदलाला मिळाले. डिसेंबर १९७१ मध्ये मिग-२१ विमानांनी ढाक्यातील गव्हर्नरांच्या निवासस्थानावर केलेला हल्ला पुस्तकांतून वाचायला मिळतो. तसली विमाने घडवायला हा देश कसा शिकला, हे मात्र त्या पुस्तकांच्या तळटिपांतही क्वचितच असते. मिग-२१ च्या पुढच्या आवृत्त्या, नंतर मिग-२७ आणि त्यानंतर सुखोई-३० एमकेआय असा ओझरचा क्रम चालत राहिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ ला वायुदलाने समारंभपूर्वक निरोप दिला आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने उड्डाण केले.

या धावपट्टीचे स्मरण मराठवाड्यातील एखाद्या शिक्षणसंस्थेने आभासी उड्डाणाच्या साह्याने करावे काय, हा या लेखाचा विषय आहे. आभासी उड्डाण म्हणजे संगणकावर भूप्रदेश, हवामान आणि विमानाचे वर्तन यांची गणिती प्रतिकृती उभी करून तिच्यात विमान चालवणे. प्रश्नाच्या दोन बाजू दोन कल्पित अध्यापकांच्या तोंडी घातल्या आहेत: नांदेडच्या महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आणि लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आयटीआयमधील, फिटर शाखेचे एक निदेशक. कोणत्याही प्रत्यक्ष व्यक्तीशी त्यांचा संबंध नाही. त्यांचे आक्षेप मात्र खरे आहेत आणि दोघांपैकी कोणालाही सहज उत्तर देता येण्यासारखे नाहीत.

निदेशक: “मॅडम, चौकात चौथऱ्यावर बसवलेले जुने विमान विद्यार्थ्याला काय शिकवते? त्याचे इंजिन काढलेले असते आणि काही वर्षांत ते दिशा सांगायची खूण होऊन बसते. ओझरचा कारखाना आजही चालू असलेली संरक्षण-आस्थापना आहे, त्यामुळे लातूरच्या आयटीआयमधल्या पोराला आत पाऊल टाकता येण्याची शक्यता जवळपास नाही. संगणकावर मात्र ती धावपट्टी त्याच्यासमोर उभी करता येते. ‘फ्लाइटगिअर’सारखा मुक्त आणि विनामूल्य कार्यक्रम आहे, साधी दांडी आणि पायपट्ट्या लावल्या की संस्थेच्या संगणककक्षात काम सुरू होते. त्रिकोणी पंख वळताना वेग का गमावतो, नाक वर धरून उतरताना वैमानिकाला समोरची धावपट्टी का दिसेनाशी होते, ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने टेकलेल्या विमानाला थांबवायला मागे छत्री का सोडावी लागते, हे फळ्यावर सांगून कळत नाही. ते हातात दांडी घेतल्यावरच कळते.”

प्राध्यापिका: “सर, हे यंत्र समजून घेणे झाले, त्याला स्मरण म्हणायला मन धजत नाही. तुमच्या पडद्यावर विमान कोसळले तर विद्यार्थी एक कळ दाबतो आणि पुन्हा धावपट्टीच्या टोकाला उभा राहतो. मिग विमानांच्या बाबतीत ही कळ कुणाला मिळाली होती? तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेला दिलेली माहिती अशी की देशाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मरण पावले. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगढजवळ मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले आणि त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वैमानिकांच्या सुरक्षिततेसाठी पुढे दीर्घकाळ मोहीम चालवली. ज्या विमानाचे स्मरण करायचे त्याच्या इतिहासातून मृत्यू वगळला, तर उरते ती करमणूक.”

या आक्षेपाचे वजन निदेशकांनी नाकारले नाही, आणि नाकारण्यासारखे त्यात काही नव्हतेही. त्यांनी मात्र एक गोष्ट जोडली, जी मराठवाड्याच्या वाचकाला फारशी सांगितली जात नाही. मिग-२१ च्या अपघातांमागे यंत्रातले दोष, देखभालीच्या अडचणी आणि पक्ष्यांशी होणारी टक्कर अशी कारणे होतीच. पण एक कारण प्रशिक्षणाच्या शिडीतल्या गायब पायरीचे होते. किरणसारख्या कमी वेगाच्या शिकाऊ विमानावरून तरुण वैमानिकाला थेट स्वनातीत विमानावर जावे लागे. मधल्या पायरीचे प्रगत शिकाऊ जेट विमान हवे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली होती. ते विमान, ब्रिटिश बनावटीचे हॉक, वायुदलात दाखल झाले फेब्रुवारी २००८ मध्ये, आणि तेही बीदरला. बीदर जिल्हा लातूर जिल्ह्याला लागूनच आहे. म्हणजे ओझरला घडलेल्या विमानांच्या शोकांतिकेतील एका त्रुटीची दुरुस्ती, पाव शतक उशिरा का होईना, लातूरच्या शेजारच्या धावपट्टीवर झाली, आणि त्या दुरुस्तीत सिम्युलेटरचा, म्हणजे आभासी उड्डाणाच्या यंत्राचाही वाटा आहे, कारण हॉकच्या प्रशिक्षणात वैमानिक आधी जमिनीवरच्या प्रतिकृतीत चुका करतो आणि मग आकाशात जातो.

निदेशक: “सिम्युलेटर पुढे याच कामी आला, मॅडम. एडविन लिंक या अमेरिकी माणसाने १९२९ मध्ये वाद्यांच्या भात्यांचे तंत्र वापरून आपले शिकाऊ खोके बनवले, आणि त्यात बसून जमिनीवरच चुका करत शिकता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या खोक्यात बसून शिकले. पुन्हा सुरुवात करण्याची ती कळ मृत्यूची थट्टा करत नाही. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांची आठवण तिच्यातूनच विद्यार्थ्याला द्यायची.”

प्राध्यापिका: “मग ती आठवण कार्यक्रमात कुठे दिसते ते दाखवा. बाजारात मिग-२१ बिसची तपशीलवार प्रतिकृती २०१४ पासून मिळते आहे. तिच्यात क्षेपणास्त्रे आहेत, शत्रू आहेत, पण ते विमान कुणी घडवले याचा मागमूस नाही. आणि त्याहून मोठी अडचण बसण्याच्या जागेची आहे. तुमचा पडदा पाहणाऱ्याला नेहमी वैमानिकाच्या आसनावर बसवतो. मराठवाड्याने लढाऊ विमान प्रथम पाहिले ते खालून. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत वायुदलाच्या टेम्पेस्ट विमानांनी, मराठवाडा तेव्हा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानातील धावपट्ट्यांवर हल्ले केले, त्यांत बीदरचीही धावपट्टी होती. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, जाचातून सुटणाऱ्या माणसांना तो आवाज सुटकेचा वाटला असेल, धावपट्टीजवळच्या शेतात काम करणाऱ्याला कदाचित भीतीचा. पण दोघेही जमिनीवर उभे होते. ओझर, जानोरी आणि आसपासच्या गावांतल्या ज्यांच्या जमिनी या कारखान्यासाठी आणि धावपट्टीसाठी गेल्या, तेही जमिनीवरच होते. केवळ वरून पाहणारे स्मारक यातल्या कुणाचे?”

हा मुद्दा संपूर्ण चर्चेत सर्वांत मोलाचा आहे, कारण तो तंत्रज्ञानाच्या उणिवेबद्दल नसून स्मरणाच्या दिशेबद्दल आहे. युद्धस्मारकांची जगभरची सवय वीराच्या नजरेने पाहण्याची आहे आणि आभासी उड्डाण ती सवय मोडण्याऐवजी पक्की करते. इंग्लंडमधील कॅसल ब्रॉमिच येथे दुसऱ्या महायुद्धात सुमारे १२,००० स्पिटफायर विमाने तयार झाली. युद्धानंतर तिथला विमानतळ बंद झाला, त्याच्या जागी कॅसल व्हेल नावाची मोठी वसाहत उभी राहिली आणि २००० मध्ये तिच्याजवळ झेपावणाऱ्या स्पिटफायरांचे एक उंच शिल्प बसवण्यात आले. शिल्प देखणे आहे. पण ज्या कामगारांनी, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रियांनी, ती विमाने घडवली ते मात्र तिथे दिसत नाहीत. दुसरे उदाहरण वेब्रिजजवळच्या ब्रुकलंड्सचे आहे. तोही विमानांच्या कारखान्याचा विमानतळ, आज संग्रहालय. कॉन्कॉर्डच्या वैमानिकांचे प्रशिक्षण ज्यात झाले तो सिम्युलेटर तिथे दुरुस्त करून लोकांसाठी खुला केलेला आहे, पण त्याच परिसरात कारखान्याच्या इमारती, यंत्रे आणि कामगारांच्या आठवणीही जपलेल्या आहेत. सिम्युलेटर तिथे स्मारकाचा एक भाग म्हणून उभा आहे, आणि हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गुप्ततेचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. चालू संरक्षण-आस्थापनेचा तपशीलवार नकाशा तयार करणे हे १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे करण्याची मोकळीक बरीच वाढवली असली, तरी संवेदनशील ठिकाणांवरचे निर्बंध तिच्यातही कायम आहेत. निदेशकांचा तोडगा असा की आजचे ओझर करायचेच नाही. १९७० सालचे ओझर करायचे. निवृत्त झालेले विमान आणि अर्ध्या शतकापूर्वीचा, प्रकाशित छायाचित्रांपुरता मर्यादित परिसर यातून सुरक्षिततेला बाधा येण्याचा संभव फार थोडा, आणि तरीही काम सुरू करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांची लेखी संमती घ्यावी, यावर दोघांचे एकमत झाले.

या तोडग्यातून मात्र असे काही निष्पन्न झाले, ज्याची अपेक्षा दोघांनीही केली नव्हती. निदेशकांची मूळ कल्पना अशी होती की विद्यार्थ्याने नांदेडच्या धावपट्टीवरून निघावे, गोदावरीच्या पात्राच्या आधाराने पश्चिमेकडे उडत जावे आणि निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरचा बंधारा ओलांडल्यावर उत्तरेकडे सातमाळ्याच्या डोंगररांगेची खूण धरून ओझरला उतरावे. हा मार्ग विद्यार्थ्याला दिशाज्ञान शिकवतो आणि मराठवाड्याच्या नदीचा नाशिकशी असलेला संबंध डोळ्यांसमोर आणतो. आजच्या उपग्रहचित्रांवर बेतलेल्या भूप्रदेशात या वाटेवर पैठणजवळ नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, विस्तीर्ण पाणी दिसते.

प्राध्यापिका: “पण सर, १९७० मध्ये नाथसागर नव्हता. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि धरणाचे उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये. तुमच्या विद्यार्थ्याचे विमान त्या वर्षी तिथून गेले असते, तर खाली पाणी नसते. नदीचे अरुंद पात्र, दोन्ही काठांची काळी जमीन आणि पुढे पाण्याखाली गेलेली शंभराहून अधिक गावे असती.”

निदेशक: “मग ती गावे परत ठेवावी लागतील. जुने स्थलदर्शक नकाशे आहेत, महसुली दप्तर आहे, विस्थापितांच्या नव्या गावठाणांत ते आठवणारी माणसे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी गावांच्या जागा शोधायच्या, आमच्या पोरांनी ती भूप्रदेशात बसवायची. द्राक्षांच्या आजच्या बागा काढाव्या लागतील, समृद्धी महामार्ग काढावा लागेल.”

प्राध्यापिका: “असे असेल तर विचार बदलावा लागेल. वरून पाहणाऱ्याला खाली काय होते हे विचारायला लावणारा कार्यक्रम असेल, तर जमिनीवरच्या माणसांना त्यात जागा आहे.”

ऐतिहासिक सिम्युलेशनचे खरे मोल इथे हाती लागते. तयार भूप्रदेश विकत घेऊन त्यात जुने विमान उडवणे हे सोपे आहे आणि त्याने फारसे काही साधत नाही. पण एका विशिष्ट वर्षाचा प्रदेश पुन्हा उभा करायचा ठरवले की प्रत्येक रस्ता, प्रत्येक पाणसाठा आणि प्रत्येक गाव याबद्दल ‘हे तेव्हा होते का’ असा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर दप्तरांत किंवा माणसांच्या स्मरणातच मिळते. ते काम ज्यांच्या हातून होईल त्यांना पडद्यावरचे उड्डाण पाहणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक मिळेल.

उड्डाण नेमके कोणते असावे, यावर निदेशकांनी मांडलेली कल्पना हा त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट भाग आहे. त्यांच्या मते या कार्यक्रमात लढाई असूच नये. त्यात एकच उड्डाण असावे: जुळणी पूर्ण झालेल्या विमानाची पहिली चाचणी. विद्यार्थ्याने आधी जमिनीवर इंजिन चालवून तापमान आणि फेऱ्यांची नोंद घ्यावी, मग धावपट्टीवर संथ चालवून ब्रेक पाहावेत, उड्डाणानंतर चाके आत जातात का, नियंत्रक पृष्ठभाग समप्रमाणात हलतात का, नाकातला शंकू वेगानुसार पुढेमागे सरकतो का, हे क्रमाने तपासावे. हा शंकू म्हणजे मिग-२१ च्या तोंडाशी दिसणारा टोकदार भाग. ध्वनीच्या वेगापलीकडे हवेचा धक्का योग्य जागी अडवून इंजिनाला पेलेल अशा वेगाने हवा आत सोडण्याचे काम तो करतो, आणि तो अडकला तर इंजिन गुदमरते. प्रत्येक तपासणीला एक दोष जोडता येईल, आणि प्रत्येक दोषाशी कारखान्यातला एक विभाग. विद्यार्थ्याला चाकाच्या झडपेत अंतर आढळले, तर त्याने परत उतरून ती कुठल्या जिगवर, म्हणजे सुटे भाग अचूक जागी धरून ठेवणाऱ्या साच्यावर, जुळवली गेली याचा माग काढावा, आणि तिथे त्याला जिगवर काम केलेल्या कामगाराच्या आवाजात ते काम कसे होत असे हे ऐकायला मिळावे. फिटरच्या विद्यार्थ्याला त्या आवाजात आपल्याच धंद्याची भाषा ऐकू येईल. लातूरमध्ये आता रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना उभा राहिला आहे. तिथे काम करू पाहणाऱ्या मुलाला रिव्हेट सरळ बसली नाही तर हजारो मीटर उंचीवर काय होते हे कळणे, हे स्मरणाइतकेच शिक्षणही आहे.

अपघातांबद्दल मात्र दोघांचे मत जुळले नाही. निदेशकांचा प्रस्ताव असा की विद्यार्थ्याचे विमान कोसळले तर कार्यक्रम लगेच पुन्हा सुरू होऊ नये. पडदा काही काळ रिकामा राहावा आणि मग अशा प्रकारच्या एखाद्या अपघाताचा प्रकाशित चौकशीतून समोर आलेला कारणक्रम वाचायला मिळावा. प्राध्यापिकांना रिकामा पडदा दिखाऊ वाटला. कारणक्रम असावा, पण तो कोसळल्याची शिक्षा म्हणून नव्हे, उड्डाणाआधी प्रत्येकाने वाचायचा पाठ म्हणून. या मतभेदात प्राध्यापिकांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. गेलेल्या वैमानिकांची आठवण विद्यार्थ्याच्या चुकीशी जोडली, तर अपघात म्हणजे वैमानिकाची चूक हा समज त्याच्या मनात नकळत रुजेल, आणि गाडगीळ कुटुंबाने ज्या समजाशी झुंज दिली तोच हा समज आहे.

कामाचा क्रम काय असावा, हा प्रश्न शेवटपर्यंत उरला. निदेशकांना विमानाची आणि धावपट्टीची प्रतिकृती आधी हवी होती, कारण काहीतरी दिसू लागले की विद्यार्थी येतात, संस्था पैसे देते आणि पुढची कामे मार्गी लागतात. अनुभवाने हे खरेही आहे. प्राध्यापिकांचे म्हणणे असे की प्रतिकृती दहा वर्षांनीही करता येईल, उलट तोवर संगणक स्वस्त आणि अधिक वेगवान झालेले असतील; पण १९६५ मध्ये विशीत ओझरला रुजू झालेला कामगार आज ऐंशीच्या घरात आहे, आणि पैठणजवळचे बुडण्यापूर्वीचे गाव पायाखालून माहीत असलेली बाईही त्याच वयाची आहे. म्हणून पहिल्या वर्षीचा सगळा खर्च ध्वनिमुद्रणावर व्हावा, मुद्रणाला इतिहासाचा एक आणि आयटीआयचा एक असे दोन विद्यार्थी जोडीने जावेत, पहिल्याने काळ आणि गाव विचारावे, दुसऱ्याने हत्यार आणि माप विचारावे, आणि नांदेडहून मनमाडमार्गे नाशिकला जाणाऱ्या तपोवन एक्सप्रेसच्या तिकिटांची तरतूद संगणकाच्या तरतुदीआधी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. निदेशकांनी तो एका अटीवर मान्य केला: प्रत्येक मुलाखतीत एखादे तरी काम हाताने करून दाखवायला सांगावे आणि त्या वेळी कॅमेरा कामगाराच्या चेहऱ्यावरून हटवून त्याच्या हातांवर ठेवावा.